वरल्या वावराचा उतारा

जूनचा दुसरा आठवडा होता. आबा, म्हणजे माझे सासरे, पीककर्जाचं नवं-जुनं करायला सकाळच्या एसटीने अमळनेरला गेले होते. पावणेबाराला त्यांचा फोन आला. "बेटा, वरला वावरना उतारा धाड बरं. साहेब बठेल शे."

उतारा, म्हणजे त्या शेताचा सातबारा, माझ्याकडे होता. चारच दिवसांपूर्वी पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा काढला होता, गुगल ड्राइव्हवर चढवलाही होता. "दोन मिनिटांत धाडते" म्हणून फोन ठेवला आणि शोधायला बसले. "सातबारा" लिहिलं, काही आलं नाही. "उतारा" लिहिलं तर नऊ फायली आल्या. एकेक उघडायची, थांबायचं, गोल फिरत राहायचं. आमचं गाव बोरी नदीच्या काठावर, सखल भागात. घरात नेट कधी असतं, कधी गच्चीवर जावं लागतं. नऊपैकी तीन उतारे २०२१चे निघाले, दोन दिरांच्या नावावरचे, एक तर आमच्या गावचाच नव्हता. तोवर आबांचे आणखी दोन फोन येऊन गेले. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मी येस घर."

चारच्या गाडीने ते परत आले. टोपी खुंटीला लावली, पाणी प्याले, मला एका शब्दाने बोलले नाहीत. सत्तरी ओलांडलेला माणूस, जून महिन्याचं ऊन, आणि माझ्या हातात कागद असून तो मला देता आला नव्हता. रात्री जेवणं झाल्यावर मी पुन्हा शोधायला बसले. उतारा सापडला. फोनमध्ये दुसऱ्याच जीमेलचं खातं चालू असताना तो चढवला गेला होता आणि त्याचं नाव होतं नुसता एक लांबलचक आकडा.

त्या रात्रीपासून पोळ्यापर्यंत, शेतातल्या कामांतून वेळ मिळेल तसं, मी आमच्या घरचे फोनमधले कागद लावले. सगळं मोबाइलवरच केलं, कारण घरात कॉम्प्युटर नाही. हे काम करताना जे कळलं ते लिहून ठेवते आहे. आमच्यासारखी घरं खान्देशात पुष्कळ आहेत.

आधी परिस्थिती सांगते. आमच्या घरात गुगलची तीन खाती निघाली. नवा फोन घेतला की दुकानातला मुलगा विचारायचा, "जुना जीमेल पासवर्ड आठवतो का?" नाही म्हटलं की तो नवं खातं काढून द्यायचा. त्याचं पाच मिनिटांत काम व्हायचं, आणि आमचे तोपर्यंतचे कागद मागे राहायचे. त्यातलं एक खातं २०१८चं, त्यात माझ्या लग्नाच्या वेळचे कागद आणि आबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे रिपोर्ट. दोन वर्षं कोणीच न उघडलेलं खातं गुगल बंद करू शकतं, त्यातलं सगळं पुसू शकतं. हा नियम त्यांनी २०२३ मध्ये आणला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून लागू केला. आमचं ते खातं वाचलं ते एवढ्यासाठीच, की मुलाने त्यावर कधीतरी गेम खेळायला लॉगिन केलं होतं. पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर अजून यांच्याकडेच, म्हणजे नवऱ्याकडेच होता म्हणून ओटीपी आला आणि दार उघडलं. तो नंबर बंद झाला असता तर सगळं गेलं असतं. म्हणून पहिलं काम हे केलं की तिन्ही खात्यांना आजचा चालू नंबर जोडला आणि पासवर्ड वहीत लिहून ती वही कपाटातल्या कागदांच्या पेटीत ठेवली.

दुसरी गोष्ट जागेची. एका खात्याला फुकट १५ जीबी मिळतात आणि त्यात ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो तिघांचा वाटा असतो. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटोही त्यातच मोजले जातात. २०२४ मध्ये व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यात धरायला लागले. आमच्या मुख्य खात्यात जागा संपत आल्याची पट्टी महिनाभर लाल दिसत होती. मला वाटायचं कागदांनी भरलं असेल. प्रत्यक्षात सगळे कागद मिळून अर्धा जीबीसुद्धा नव्हते. बाकी सगळे व्हिडिओ, लग्नातले, पाण्याच्या मोटारीचे, कोणी कोणी पाठवलेले. गुगलच्या स्टोरेजच्या पानावर मोठ्या फायली वेगळ्या काढून दाखवतात, तिथून एका दुपारी सात जीबी मोकळे केले. यात एक अडचण आली. पुसूनही जागा तेवढीच दिसत राहिली, कारण पुसलेलं आधी कचऱ्यात जातं, तिथे तीस दिवस राहतं आणि तोपर्यंत मोजलं जातं. मी कचरा लगेच रिकामा केला नाही. आधी आठ दिवस थांबले, घरात सगळ्यांना विचारलं आणि मगच केला. त्या आठ दिवसांत यांनी ठिबकच्या पाइपाचं बिल परत मागितलं. ते व्हिडिओंसोबत चुकून पुसलं गेलं होतं.

मग लावालावीला लागले. पहिल्यांदा मी तेच केलं जे शाळेच्या कपाटात असतं. महसूल, बँक, विमा, शाळा, दवाखाना, वीजबिल असे फोल्डर केले. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. दिसायला फार सुंदर झालं, फोल्डरांना रंगही दिले. आठवड्याने यांनी शेतातून फोन केला, "विम्याला लावला होता तो उतारा पाठव." आता तो महसूलमध्ये ठेवला होता की विम्यात? मी दोन्हीकडे पाहिलं. दोन्हीकडे एकेक होता आणि दोन्ही वेगळे होते.

तिथे मी थांबले. माझ्या लक्षात आलं की मी कागद सरकारच्या खात्यांप्रमाणे लावले होते आणि घरात कागद कोणी तसा मागत नाही. मग मी एक गोष्ट केली आणि या सगळ्या कामात तीच सगळ्यांत उपयोगी पडली. स्वयंपाकघरात पंचांगाशेजारी एक वही टांगली. पंधरा दिवस घरातल्या कोणीही कुठलाही कागद मागितला की तो ज्या शब्दांत मागितला तेच शब्द लिहून ठेवले.

वहीत आलेलं असं होतं: "वरलं वावर". "निंबवाल्याचा आठ-अ". "थडीवालं वावर नावावर झालं तो फेरफार". "आईची साखरेची चिठ्ठी". "पोराचं बोनाफाईड". "मोटारीचं बिल". "सोसायटीचा दाखला". गट नंबर पंधरा दिवसांत एकदाही कोणी उच्चारला नाही. आबांना आमच्या तिन्ही गटांचे नंबर पाठ आहेत, पण ते तलाठ्यासमोर. घरात वावराला नावच असतं. मी हे आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वावरनं नाव आपलं. नंबर सरकारना." बरोबरच आहे. वरलं वावर म्हणजे चढावरचं, निंबवालं म्हणजे बांधावर कडूनिंब आहे ते, थडीवालं नदीच्या थडीचं, म्हणजे काठचं. ही नावं त्यांच्या वडिलांपासून चालत आली आहेत.

म्हणून फाइलचं नाव ठेवताना दोन्ही घातलं, घरचं नाव आधी, सरकारी नंतर, शेवटी तारीख. "वरलं वावर सातबारा उतारा गट २१२ २०२५-०६-०९". नाव लांब होतं, होऊ दे. फोनवर अर्धंच दिसतं, पण शोधताना पूर्ण नावात शोधलं जातं. तारीख वर्षापासून सुरू करून मग महिना, मग दिवस अशी लिहिली, म्हणजे नावाप्रमाणे लावलं की आपोआप जुनं-नवं क्रमाने येतं. मी दिवस आधी लिहीत होते तेव्हा जानेवारीचा आणि जूनचा कागद शेजारी शेजारी यायचे.

तारखेचं महत्त्व सातबाऱ्यात फार आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. सातमध्ये जमीन कोणाची, तिच्यावर बोजा काय, हे असतं. ते वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. बारामध्ये पीकपेरा असतो आणि तो दर हंगामात बदलतो. २०२१ च्या खरिपापासून आपण स्वतः मोबाइलवरून ई-पीक पाहणी करतो, वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढतो, तीच नोंद पुढे बाराला येते. म्हणजे कापूस विकायला नेताना मागच्या वर्षीचा उतारा दाखवला तर त्यावर मागच्या वर्षीचं पीक असतं. यांनी फायलींना नावं दिली होती "नवीन", "नवीन २", "एकदम नवीन". दोन वर्षांनी त्यातलं नवीन कोणतं हे ओळखायला प्रत्येक उघडून खालची तारीख वाचावी लागली.

आता मराठीतल्या शोधाबद्दल, कारण याबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं. सगळं हातानेच करून पाहून कळलं.

ड्राइव्हमध्ये नाव शोधताना शब्दाची सुरुवात जुळावी लागते. "वावर" लिहिलं तर "वावर" सापडतं, "वावराचा" पण सापडतं. उलट, मी शोधात "वावराचा" लिहिलं आणि फाइलचं नाव "वावर" असलं तर सापडत नाही. आणि "वरलंवावर" असं चिकटवून लिहिलं असेल तर "वावर" लिहून ते येतच नाही. मराठीत शब्दाचं रूप सारखं बदलतं. उतारा, उताऱ्याचा, उताऱ्यावर. "उतारा" शोधला की "उताऱ्याची झेरॉक्स" हे नाव लागणार नाही, कारण "उता"नंतरच अक्षर बदललं. म्हणून आमच्या घरी नियम केला, की फाइलच्या नावात शब्द मूळ रूपात लिहायचा आणि दोन शब्दांत जागा सोडायची. वाचायला ते पोस्टातल्या तारेसारखं तुटक वाटतं, पण सापडतं.

दुसरं ऱ्हस्व-दीर्घाचं. पीक बरोबर आहे, पण घरात निम्मी माणसं "पिक" लिहितात. "पीकविमा" नावाची फाइल "पिक विमा" लिहून मिळाली नाही. माणसांचं लेखन सुधारायची ही वेळ नव्हती. मी नावात "विमा" हा शब्द सुटा ठेवला, म्हणजे नुसतं विमा लिहिलं तरी पुरे. आणि "७/१२" असं लिहायचं सोडून दिलं. फोनच्या फाइलच्या नावात ती तिरपी रेघ चालतच नाही. ड्राइव्हवर चालली तरी उतरवून घेताना तिचं दुसरंच काहीतरी होतं. सरळ "सातबारा".

कागदाच्या आतलं लिखाणही ड्राइव्ह शोधतं, स्कॅन असला तरी. इंग्रजीत छापलेल्या बिलांना याचा फार उपयोग झाला. पंपाच्या कंपनीचं नाव लिहिलं आणि बिल आलं, फाइलचं नाव काहीही असो. मराठी कागदांत कधी सापडलं, कधी नाही. हाताने लिहिलेल्या दाखल्यांत नाहीच. त्यामुळे त्या भरवशावर मी नाव देणं सोडलं नाही.

व्हॉट्सॲपमधून आलेल्या कागदांचं काम सगळ्यांत मोठं होतं. त्यांची नावं तिथेच पडतात, "डॉक", मग तारीख, मग "डब्ल्यूए" आणि आकडा. त्यातली तारीख कागद आल्याची असते, हे कळल्यावर निम्मे ओळखता आले. ही तारीख श्रावणातल्या कानबाईच्या रोटांच्या सणाच्या आदल्या दिवसाची, म्हणजे दिरांनी पुण्याहून पाठवलेलं ते वाटणीपत्र. ही पोराच्या प्रवेशाच्या वेळची. पण काही जुने कागद मी त्या वेळी उतरवूनच घेतले नव्हते, आणि आता उघडायला गेलं की पाठवणाऱ्याकडे पुन्हा मागायला सांगत होतं. माझी स्वतःलाच मेसेज करून ठेवायची सवय होती. ती सोय २०२२च्या शेवटी आली तेव्हापासून मी तिला कपाट समजत होते. ते कपाट नाही. आता कागद आला की त्याच दिवशी ड्राइव्हवर चढवायचा आणि चढवतानाच नाव द्यायचं. चढवण्याच्या वेळी नाव बदलायला जागा दिलेली असते, तिथे फक्त दहा सेकंद लागतात. खातं कोणतं आहे हेही त्याच पानावर दिसतं. जूनमध्ये मी ते पाहिलं नव्हतं.

कागदांचे फोटो काढून ठेवलेले होते ते तर ड्राइव्हमध्ये नव्हतेच. जुलै २०१९ पासून फोटो आणि ड्राइव्ह वेगळे झाले आहेत, फोटोत असलेलं ड्राइव्हमध्ये आपोआप दिसत नाही. मला हे ठाऊक नव्हतं. मी कागद ड्राइव्हमध्ये शोधत राहायचे आणि तो फोटोंत, लग्नाच्या जेवणाच्या पंगतीशेजारी असायचा. महत्त्वाचे जुने कागद ओट्यावर, सकाळच्या उजेडात, ड्राइव्हमधल्याच कॅमेऱ्याने पुन्हा स्कॅन केले. तो कडा स्वतः ओळखतो, पानं एकामागून एक जोडतो आणि एकच पीडीएफ करतो. खरेदीखताची अकरा पानं अशी एका फाइलमध्ये आली. आधी ती अकरा फोटोंत होती आणि सातवं पान नव्हतंच.

दुसऱ्या दोन खात्यांतून मुख्य खात्यात आणायला मोबाइलवर सोपा रस्ता मला सापडला नाही. फोल्डर मुख्य खात्याला शेअर करायचा, मग इकडून एकेका फाइलची प्रत काढायची. आख्ख्या फोल्डरची प्रत ॲपमध्ये निघत नाही. नुसतं शेअर करून सोडणं मला धोक्याचं वाटलं, कारण फाइल ज्याची त्याचीच राहते, त्याने पुसली की आपल्याकडूनही जाते. याचा अनुभव आम्ही घेतलेला आहे. दोन वर्षांपूर्वी एका केंद्रावर आमचा फॉर्म भरताना तिथल्या माणसाने सगळे कागद स्वतःच्या खात्यात चढवून आम्हाला फक्त लिंक दिली. पुढच्या हंगामात लिंक उघडली तर आत काही नव्हतं. तेव्हापासून शेअर आलेलं मी आपलं धरत नाही, प्रत काढते. एकशे सदतीस फाइलींच्या प्रती काढायला चार रात्री लागल्या. यांनी त्या चारही रात्री भांडी घासली.

एकच उतारा पीककर्जालाही लागतो, विम्यालाही, कापूस विक्रीलाही. आधी मी तिन्ही फोल्डरांत तीन प्रती ठेवायचे आणि नवा आला की एक बदलायची राहून जायची. आता मूळ फाइल वावराच्या फोल्डरमध्ये एकच, बाकी ठिकाणी तिचा शॉर्टकट. ड्राइव्हमध्ये एक फाइल एकाच जागी राहते, दुसरीकडून तिच्याकडे नुसती वाट काढता येते. मूळ पुसलं तर वाट राहून उपयोग नाही, एवढं लक्षात ठेवावं लागतं. फोल्डर आता फक्त सहाच आहेत: तीन वावरांचे तीन, एक माणसांचा, एक घराचा, आणि एक "ओळखायचं आहे".

आधार, लायसन यांच्या प्रती ठेवणं कमी केलं, ते सरकारच्या डिजिलॉकर ॲपमध्ये आहेत आणि तिथला कागद मूळ कागदासारखाच धरला जातो. कोणाला आधार पाठवायचाच झाला तर शेवटचे चार आकडे दिसणारा पाठवते. आणि एक दिवस बसून प्रत्येक फोल्डर कोणाकोणाला दिसतो ते तपासलं. आईंच्या रिपोर्टचा फोल्डर "लिंक असलेल्या कोणालाही" उघडा होता. तो बंद करताना हात थरथरले. डॉक्टरांना दाखवायला कधी काळी उघडला होता, तीन वर्षं तसाच होता.

नेटचा प्रश्न राहिलाच होता. रोज लागणाऱ्या दहा-बारा फाइली ऑफलाइन करून ठेवल्या, म्हणजे फोनमध्येच त्यांची प्रत राहते आणि रेंज नसतानाही ड्राइव्हमध्ये उघडतात. ही गोष्ट आबांच्या फोनवरही केली. त्यांच्या फोनवर मुख्य खातं जोडून दिलं, पण त्यांना बारीक अक्षरं टाइप करणं जमत नाही. मी कीबोर्डवरचा माइक दाखवला. मराठी भाषा निवडली. ते फोन तोंडाजवळ धरून म्हणाले, "मन्हा बोलाले वळखस का हाई?" अहिराणी तो ओळखत नाही, वेगळेच शब्द लिहितो. पण "वरलं वावर" हे दोन शब्द अहिराणीत आणि मराठीत सारखेच आहेत. पहिल्या वेळी "वर्ल्ड" लिहून आलं. दुसऱ्या वेळी सावकाश म्हणाले आणि तीन उतारे खाली आले, सगळ्यांत वर नऊ जूनचा. आबांनी तो उघडला, चष्मा वर करून स्वतःचं नाव वाचलं, बंद केला आणि परत एकदा माइक दाबून "निंबवालं" म्हणाले. मग "थडीवालं". तिन्ही वावरं काढून पाहिली.

जुलैच्या शेवटी ते एकटेच सोसायटीत गेले. मी दुपारभर फोन जवळ ठेवून निंदायला गेले होते. फोन आला नाही. संध्याकाळी आल्यावर विचारलं, "आबा, कागद लागला का?" तर म्हणाले, "लागना. काढी दिन्हा."

"ओळखायचं आहे" या फोल्डरमध्ये अजून चौदा फाइली आहेत. बऱ्याचशा पावत्या आहेत, त्या यांना दाखवल्या की लागतील. एक मात्र आबांच्या आजोबांच्या वेळचा मोडीतला कागद आहे, पिवळा, घडीवर फाटलेला, पेटीच्या तळाशी होता. घरात कोणाला वाचता येत नाही. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जुन्या कागदांची जाण असणारी माणसं आहेत, पोळ्यानंतर तिथे विचारायला जायचं ठरलं आहे. तोवर त्याला काय नाव द्यावं हा प्रश्न होता. आबांना विचारलं, हा मागायचा झाला तर तुम्ही काय म्हणून मागाल? ते म्हणाले, "आजाना कागद." मी तेच लिहिलं आहे, "आजाना कागद मोडी", आणि पुढे स्कॅन केल्याची तारीख.